तुमची पेटी माझ्याकडे

एकतीस वर्षं मी तांबं जोडलं.
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा,
रस्त्याच्या खड्ड्यात बसून, कंदिलाच्या उजेडात.
ओल्या बोटाला रिंगचा झटका बसला की कळायचं,
कोणीतरी कोणाला तरी बोलावून राहिलंय.

ह्या काचेच्या केसाला झटका नाही.
प्रज्वल नखाते नावाच्या पोरानं तो
कूलरच्या पाइपाशेजारून आत घेतला
आणि म्हणाला, "काका, टोकात डोळा घालून पाहू नका बरं."
एक पांढरी पेटी लावली. ती तिसऱ्या दिवशी मेली.
मग बॅगेतून दुसरी काढली.
चार हिरवे दिवे. अर्धा कप चहा. गेला.

पुढच्या सोमवारी संदेश:
आपल्याकडील जुनी पेटी परत करा, अन्यथा अठराशे रुपये.
जुनी तर पोरगा घेऊन गेला होता!
मी चष्मा लावून नवी उलटी केली.
पोटाखालचा नंबर एक, संदेशातला दुसरा,
आणि बिल आलं ते
दर्शना गोतमारे, मानेवाडा, ह्यांच्या नावानं.
खाली मोबाइल नंबर होता.

"हॅलो, तुमची पेटी माझ्याकडे आहे."
पलीकडे बराच वेळ फक्त पंखा.
मग: "अस्सं! म्हणजे माझ्या बिलावरचे
डेकाटे वामन महादेव तुम्हीच का?"

बाई दहावीला बीजगणित शिकवतात.
म्हणाल्या, सोपं आहे,
अ च्या जागी ब ठेवायचा, ब च्या जागी अ.
कंपनीच्या नंबरावर चाळीस मिनिटं
सनई ऐकण्यापेक्षा हे बरं.

सक्करदरा चौक, सकाळी साडेआठ,
ऊन मात्र बाराचं.
त्यांनी दुपट्ट्यात तोंड गुंडाळलेलं,
माझ्या खिशात कांदा.
एकमेकांना ओळखलं ते हातातल्या पिशव्यांवरून,
दोन्हींतून वायर बाहेर लोंबत होती.

पेट्या बदलल्या. अडॅप्टरपाशी अडलो.
त्यांचा काळा, माझा पांढरा,
बारा व्होल्ट दोन्हीकडे, पण पिन त्यांची बारीक.
"पेटीसोबत जातो की घरासोबत?" त्यांनी विचारलं.
एकतीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी घातला नव्हता.
पोहे आले. त्यांनी तर्री वाटीत वेगळी मागितली.
अडॅप्टर पेटीसोबत, असं ठरलं.

घरी येऊन जोडलं.
लाल.
काढलं, फुंकर मारली, पुन्हा जोडलं. लाल.
फोन केला. "तुमच्याकडे?"
"लाल," त्या म्हणाल्या, "आणि माझी पोरं यायची वेळ झाली."

प्रज्वलनं कपाळावर हात मारला असावा, आवाज आला.
"काका, पेट्या काहून हलवल्या जी?
म्या काल रात्रीच सायबाले सांगून
कम्प्युटरातले नंबर पलटवले,
वरून कुलूपबी लावलं, ज्याचा नंबर त्याच्याच लायनीले.
आता तुम्ही पेट्या पलटवल्या.
झालं न मंग पहिल्यासारखं!"
"मग आता तू परत पलटव."
"आता कुलूप हैदराबादेत आहे."

म्हणजे उद्या पुन्हा साडेआठ.
बाईंना कळवलं. त्या हसल्या की वैतागल्या,
लायनीवरून समजलं नाही,
पूर्वी समजायचं.

रात्री कूलरची घरघर, आणि खोलीत तो एवढासा लाल ठिपका.
सवय वाईट. पाण्यात बुडवून बोट
केबलच्या हिरव्या टोपीला टेकवलं.
काहीच नाही. थंड प्लास्टिक.
तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल थरथरला,
लाकडातून कोपरापर्यंत.

गोतमारे: काळा अडॅप्टर विसरू नका.
आणि कांदा एक जास्तीचा आणा.