उजवा, डावा

भांडुपच्या एक्सरे सेंटरात दुपारी दोन ते चार
डॉक्टर जेवायला घरी जातात.
वाघधरे आतल्या काळोखात स्टुलावर पेंगतो
आणि मी
रद्द झालेल्या अपॉइंटमेंटच्या पाठकोऱ्या कागदांवर
शार्दूल-मिहिकाला संसाराला लावते.

टीव्हीवर ते नवव्या आठवड्यातच बाहेर पडले.
मतं कमी पडली, म्हणे.
शेवटच्या नाचात तिचा पाय सटकला
आणि त्याने ते सटकणं नाचातच घेतलं,
मनगट धरून अख्खी फिरवली तिला.
परीक्षकांना कळलं नाही.
मला कळलं.
लग्नाला सत्तावीस वर्षं झाली माझ्या,
बसवलेलं कुठलं आणि सावरलेलं कुठलं
तेवढं ओळखता येतं.

माझ्या कथेत ते जिंकत नाहीत, हरतही नाहीत.
टेंभीपाड्यात दहा बाय बाराची खोली घेतात,
डिपॉझिटवरून त्यांचं वाजतं.
प्रकरण सहा: तो तिच्या ब्लाउजचा हुक लावून देतो.
इथे रांगोळे सिस्टर म्हणाल्या, पुढे?
म्हटलं, पुढे दूधवाला येतो.
समोरच्या मॅटर्निटीतल्या त्या, माझ्या एकुलत्या एक वाचक.
वाचून झालं की कागदाची बारीक घडी करून
बीपीच्या मशीनच्या पिशवीत ठेवतात.

चौदाव्या प्रकरणाला कथा बसली.
दोघं नुसती सुखात. काही घडेचना.
तेव्हा मी त्याचा गुडघा मोडला.
डावा.
सहज, पेनाचं टोपण चावता चावता.
मग तेल आलं, गरम पाण्याची पिशवी आली,
रात्री त्याच्या वाटच्या स्टेप्सही तीच करून दाखवायला लागली,
पानं कशी भराभर गेली.

मंगळवारी साडेतीनला काउंटरवर टोपीतला एक माणूस,
हातात चिठ्ठी, सगळं वजन एका पायावर.
नाव?
यशवंत भिकाजी कुळये.
शार्दूल चॅनेलवाल्यांनी ठेवलेलं असणार.
वय? एकतीस.
बरोबर कोण आहे?
कोणी नाही.
माझ्या हातात पेन तेच होतं.

वाघधरेने त्याला फळीवर निजवलं,
दरडावला, अजिबात हलायचं नाही.
असं त्याला आयुष्यात कोणी म्हटलं नसेल.
काचेमागे मी,
गावदेवीला नारळ बोलून मोकळी झालेली.
स्क्रीनवर उमटली पांढरी वाटी,
तिच्याखाली केसाएवढी रेघ.
उजवा.
उजवा गुडघा!
सुटले, वाटलं.
आणि मग, लिहायला लाज वाटते,
जराशी हिरमुसलेही.

पाकीट देताना विचारलंच,
त्या मिहिका मॅडम कशा आहेत?
आठवायला त्याला थोडा वेळ लागला.
"दुबईला असते वाटतं. आमचं काय, शूटिंगपुरतंच."
सातशे रुपये झाले. सुटे होते त्याच्याकडे.

रात्री ओटा पुसून कागद पसरले.
डावा खोडून उजवा करावा, हा विचार.
मग उठले, कपाटाच्या आरशासमोर
पन्नाशीच्या अंगाने, मॅक्सीचा घोळ धरून,
त्याची ती गिरकी घेऊन पाहिली.
आरशातल्या बाईने माझ्या उजव्यासमोर
तिचा डावा टाकला.
आणि त्याला तर मी कायम
समोरूनच पाहत आले होते.

म्हणजे तोच.

खोडलं नाही काही.
पंधरावं प्रकरण घेतलं, बारा वाजत आलेले,
अक्षर कुत्र्याचे पाय मांजराला:
पट्टी सुटते. मिहिका म्हणते, टाक पाऊल.
तो विचारतो, आधी कुठलं?
इतक्यात आतून हे ओरडले, अगं लाईट!
थांबा, म्हटलं,
माणूस एका पायावर उभा आहे.