व्हेरी लागत नाही

रास्ता पेठेत, टेलरच्या वरच्या खोलीत
साडेसातची बॅच.
फळ्यावर मी लिहिते: डेड.
"याला व्हेरी लागत नाही.
मेला म्हणजे मेला.
कमी मेला, जास्त मेला, असं नसतं."

मच्छिंद्र गलांडे, दिवसभर रिक्षा चालवून आलेला,
म्हणतो, "मॅडम, आमच्यात असतं की.
अर्धमेला असतो.
आणि पोरासमोर कुणी अरेतुरे केलं
की मेल्याहून मेल्यासारखं होतं,
ते तर मेल्याच्याही पुढचं."

वर्ग हसतो. मी पुढे जाते.
एम्प्टी. फुल.
"फुल म्हणजे फुल."
"हडपसरची सिक्स सीटर बघा मॅडम,
फुल झाल्यावर अजून तिघं बसतात."

मग प्रेग्नंट.
हे तरी सोपं, पुस्तकात पहिलंच उदाहरण:
थोडी प्रेग्नंट असं म्हणता येत नाही.
झुबेदा अत्तार सोनोग्राफी सेंटरमध्ये नावं पुकारते.
ती वहीतून मान वर न काढता म्हणते,
"दोनदा गेलेलं असतं ना ज्यांचं,
त्या तिसऱ्यांदा येतात तेव्हा
कुणी विचारलं तर म्हणतात,
बघू."

याला माझ्याकडे नियम नाही.
मी खडू बदलते.

मॅरिड.
अक्षर जरा तिरकं येतं.
सोळा तारखेला शिवाजीनगरला, फॅमिली कोर्टात, शेवटची सही.
तोवर प्रत्येक फॉर्मवर त्याच चौकोनात टिक,
पर्समध्ये कर्वेनगरच्या दाराची किल्ली
(कुलूप बदललंय का, मी विचारलेलं नाही),
आणि परवा त्याला ताप होता
तर गोळी उपाशीपोटी घेऊ नकोस
हे मीच फोनवर सांगितलं,
सवयीने, थोडं ओरडून.

"मॅडम, याला पण व्हेरी नाही?"
"नाही."
"मग काय लागतं?"

लागतं एक.
लिहून घ्या, परीक्षेला येतं:
ऑलमोस्ट.
ऑलमोस्ट फुल. ऑलमोस्ट डेड.
काठापर्यंत नेऊन सोडणारा शब्द,
एवढी सवलत इंग्रजीने ठेवली आहे.

"ऑलमोस्ट मॅरिड?" मच्छिंद्र विचारतो,
आणि सगळे पुन्हा हसतात.

"वाक्य बरोबर आहे," मी म्हणते,
आणि फळा पुसायला घेते.

खाली टेलर शटर ओढतो.
अर्ध्यावर थांबवतो,
आम्ही अजून वर आहोत म्हणून.