लाल दोऱ्याचा पेला

उद्यमबागच्या फाउंड्रीत सव्वीस वर्षं
वाळू चाळली, साचे भरले.
काम सुटलं, वाळू सुटली नाही.
डॉक्टरीणबाई फोटो उजेडाला धरून म्हणाल्या,
अर्धं कानडीत, अर्धं आपल्यात,
"मोनाप्पा, धूळ खाल्ली ती खाल्ली.
आता घरातल्या सर्दीला भ्या.
मनेयल्ली नेगडी बरबारदु."

बरबारदु.
येता कामा नये.
मजगावातलं घर तीन खोल्यांचं,
माणसं सहा, मोरी एक,
आणि नेगडीला कुठली आलीय
दार वाजवायची सवय?

सुगंधानं त्याच संध्याकाळी
माझ्या पेल्याच्या गळ्याला लाल दोरा बांधला.
टॉवेल वेगळा, त्याचा खिळा वेगळा.
साबण मोरीच्या तोंडाशी, नाक्यासारखा:
शाळेतून येणारा, बाजारातून येणारा
आधी तिथं हात दाखवणार.
थोरला म्हणाला, "आई, कोगनोळीच्या नाक्यावर पण
एवढी झडती नसते."
ती हसली नाही.
वाफेच्या यंत्राचा मास्क धुऊन
स्वच्छ फडक्यावर वाळत घातला तिनं,
सांडग्यांच्या काळजीनं.

खिडकी उघडी ठेवायची, असंही ठरलं.
बेळगावच्या जानेवारीत!
खानापूरकडचा गारठा सरळ आत येतो,
पायांवर बसतो ओळखीच्या मांजरासारखा.
मी कानटोपी घालून जेवतो.

गुरुवारी रेणू शाळेतून आली,
नाकाखाली दोन चकाकत्या रेघा.
तिसरी तिनंच ओढली, खडूनं,
मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर.
"आजोबा, ही हद्द.
मी कोपरात शिंकते, बघ हं."
आणि शिंकली,
कोपर चुकवून.

हद्द हा शब्द आमच्या भागात
पोरं पाळण्यातच शिकतात.

पाच दिवस ती पलीकडून पाढे म्हणायची,
मी अलीकडून चुका काढायचो.
सात आठे चौपन्न, असं तीनदा ऐकलं,
कान काही पकडता आला नाही.

रविवारी शट्टूप्पा आला,
माझ्याच साच्यावरचा जुना सोबती,
हातात कुंद्याचा डबा, घशात घरघर.
सुगंधा दारात उभी राहिली.
"भावोजी, कट्ट्यावर बसा. चहा बाहेरच देते."
तो बसला. चहा अर्धा ठेवला.
डबा पायरीवर ठेवून, चपला घालून,
चपला त्यानं काढल्याच होत्या,
निघून गेला.

त्याचा तो अर्धा पेला रात्रभर डोळ्यांपुढं.
मग त्याच्या मागून एक कप दिसला:
आमच्या जुन्या गोठ्याच्या कोनाड्यात
कान तुटलेला, उपडा.
भरमा वाजंत्री आला की
आई वरून चहा ओतायची.
त्याला ना खोकला होता, ना ताप.
पिऊन झालं की तोच धुवायचा,
तोच उपडा ठेवायचा,
आणि आम्ही पोरं कोनाड्याला वळसा घालून जायचो.
कुठल्या डॉक्टरनं सांगितलं होतं?
काय लागणार होतं आम्हाला त्याच्यापासून,
ताल?
छाती भरून आली म्हणावं तर
ती भरलेलीच असते.

उजाडल्यावर शट्टूप्पाला फोन लावला.
"तुझ्यापासून नव्हे गड्या," एक धाप,
"तुझ्या खोकल्यापासून."
तिकडं बराच वेळ नुसता तो खोकलाच.
मग म्हणाला, "बरा झालो की आत बसतो.
कुंदा खाल्लास काय?"

डबा रिकामा होता.
चौकशी मी केली नाही.

मंगळवारी रेणूनं ओल्या फडक्यानं हद्द पुसली,
अर्धीच पुसली, कंटाळली,
आणि हात धुऊन थेट माझ्या नाकापाशी आणले.
"वास घे."
घेतला.
साबण, खडू,
आणि बोटांच्या बेचक्यात कुठंतरी कुंदा.
श्वास पुरला तेवढा वेळ.