साडेसहाशे वॅट

यादी गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर,
तीनदा खोडलेली, चौथ्यांदा पेनाने गिरवलेली.
प्रोसेसर सहा कोअरचा. रॅम सोळा.
ग्राफिक्स कार्डाच्या नावापुढे दोन चांदण्या.
आणि तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं तसं,
पॉवर सप्लाय: कुठलाही.

त्या 'कुठलाही'पाशी माझं बोट अडलं.

एकतीस वर्षं पोलोग्राउंडला मीटर तपासले मी.
जळलेले मीटर यायचे पोत्यात भरून,
काळे, वितळलेले, दाढेसारखे किडलेले.
वासावरून सांगायचे मी, लोड जास्त होता की तार हलकी.

"आत्या, तो डब्यात मागे असतो, दिसतही नाही," कैवल्य म्हणाला.
दिसत नाही म्हणूनच, म्हटलं.

पैसे असे: बत्तीस हजार माझ्या आरडीचे,
एकोणीस त्याच्या मुंजीतल्या पाकिटांचे,
त्यातले काही एकवीस रुपयांचे, नाव नसलेले.
दादाची अट, दहावीच्या वर्षी घरात नको.
म्हणून नववीतच घेतोय. अटीला अट.

सिल्व्हर मॉलमधलं जिन्याखालचं दुकान.
लालवानींचा मुलगा कानात पेन खोचून बोलत होता,
"आंटी, सप्लाय हलका लगवा लो,
तीन हज़ार बचेंगे, कार्ड एक नंबर ऊपर का आ जाएगा."
कैवल्यने माझ्याकडे पाहिलं.
ते पाहणं मला माहीत होतं,
लहानपणी पतंगाच्या दुकानात पाहायचा तसं.

मी डबा हातात घेतला, तोलला.
हलका होता. आत तांबं नाही, नुसती हवा.
दुसरा मागितला. तिसरा.
साडेसहाशे वॅट, पाच वर्षांची हमी, वजनाला शहाळ्यासारखा.
हाच, म्हटलं.

कार्ड एक नंबरने खाली आलं.
रंग बदलणारे पंखेही गेले, साधे काळे आले.
बिल होईपर्यंत तो फरशीच्या एकाच चौकोनाकडे बघत राहिला.
बाहेर भुट्ट्याचा कीस घेतला, त्याने चमचा लावला नाही.
रिक्षात खोकी त्याच्या मांडीवर,
माझ्या मांडीवर सप्लाय,
आणि लोकमान्यनगरपर्यंत मध्ये एक शब्द नाही.

जेवणाच्या टेबलावर मेणकापड काढून मांडलं सगळं.
प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण
मला चष्म्यातून दिसेना, त्याला लगेच दिसला.
पेस्ट वाटाण्याएवढी, त्याने वाटाण्याएवढीच काढली.
माझे हात त्या वयात इतके स्थिर नव्हते.
मी फक्त बॅटरी धरली
आणि एक स्क्रू हरवला, तो शोधला साखरेच्या डब्याखाली.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा.
पुन्हा. काळा.
त्याचा ओठ लहानपणीसारखा दुमडला.
रॅमची पट्टी एका टोकाला अर्धवट होती.
दाब, म्हटलं. तुटेल, म्हणाला.
दाब रे.
टक्.

रात्री साडेदहाला नेहमीप्रमाणे गल्लीतली वीज थरथरली.
समोरच्या वैशंपायनांची ट्यूब दोनदा मिटून उघडली,
आमचा पंखा कण्हला.
पडद्यावरचा डोंगर जागचा हलला नाही.
तो काही बोलला नाही.
खुर्ची जरा सरकवून बाजूला जागा केली फक्त.

"चालव," म्हणाला.
मी गाडी नदीत घातली, मग कुंपणात,
मग एका ओसाड रस्त्यावर कशीबशी थांबवली.
तिथे विजेचे खांब होते, ओळीने, क्षितिजापर्यंत.

या तारा फार सैल सोडल्यात रे, म्हटलं,
वारा सुटला की एकमेकींना लागतील.

दुपारपासून पहिल्यांदा हसला.
इतका, की दादा उठून आला.