न बसवता वापरून पाहा

बादरीने दिलेला पेनड्राइव्ह
सहा वर्षं बटणांच्या डब्यात आहे.
"मावशी, सगळं फुकट आहे," तो म्हणाला होता,
"आणि फुकटाहून मोठी गोष्ट, मोकळं आहे."
मी म्हटलं, ठेव. द्राक्षं उतरली की बघते.

द्राक्षं उतरली.
मग गिरणीचा वार्षिक हिशेब आला,
मग त्सिसानाच्या मुलीचं लग्न,
मग नुसताच फेब्रुवारी.

आळस म्हणाल तर तो नव्हे.
पहाटे पाचला उठून अठ्ठावीस माणसांचा पगार काढते मी,
एका चोरीच्या प्रणालीवर,
जी रोज पडदा काळा करून मला सांगते
की तुमची प्रत अस्सल नाही.
माहीत आहे गं, म्हणते मी, आणि कामाला लागते.
अकरा वर्षांचा संसार आहे आमचा.
तिची प्रत्येक खोड पाठ.
दुसरं चांगलं आहे म्हणून कुणी घर बदलतं का?
छत गळायला लागलं की बदलतात,
तेही आधी बादली लावून पाहून.

कुताइसीत आमच्या गल्लीत सगळ्यांचंच हे असं.
गुरामला ते फोटोंचं मोफतचं शिकायचंय,
मुलाच्या कपाळावरची सावली काढायला.
मुलगा आता पोलंडमध्ये ट्रक चालवतो,
कपाळ डोक्यामागे पोचलंय.
ग्रंथालयातल्या नतेलाकडे तर यादीच आहे,
कार्डांच्या कपाटाला आतून चिकटवलेली:
नकाशांचं, स्वरलिपीचं, पुस्तकांच्या नोंदींचं.
दर नववर्षाला ती यादी नव्याने लिहून काढते.
अक्षर मात्र सुधारलंय तिचं.

नोव्हेंबरात एका रविवारी वीज गेली, आली,
आणि माझी बनावट बाई उठेचना.
डबा ओढला. बटणं घरभर.
फोनवर बादरी: ही कळ दाब, आता ती.
पडद्यावर दोन ओळी.
बसवा.
न बसवता वापरून पाहा.

दुसरी ओळ लिहिणारा माणूस
माझ्या नात्यातला असणार.

आत सगळं होतं, कोरं करकरीत.
परक्या घरी गेल्यासारखी मी कडेकडेने बसले,
कुठल्या कप्प्यात काय, कुणाला विचारावं.
तक्ता उघडला. अठ्ठावीस ओळी भरल्या.
ठेवायला गेले तर बटणावर, आमच्याच गोल गोल लिपीत:
वाचवा.
उद्गारचिन्ह नव्हतं. पण मला ते ऐकू आलं,
रिओनीत कुणी बुडत असल्यासारखं.

अहो, याला आमच्यात शब्द आहे, शेनाख्वा.
आंबट आलुबुखारांची चटणी बाटलीत भरून
वर तेलाचा थर देऊन हिवाळ्यासाठी ठेवतात ना,
ते शेनाख्वा.
आकडे बुडत नसतात हो,
त्यांना मुरू द्यायचं असतं.

तळाशी एक पत्ता होता. रागानेच लिहिलं.
तीन आठवड्यांनी कुणा एकव्तिमेचं उत्तर:
"तुमचं बरोबर. आम्ही तिघंच आहोत.
अजून चारशे शब्द पडलेत. पाहाल का?"
पाहते, म्हटलं, पुढच्या महिन्यात.
आणि काय झालं कोण जाणे,
त्याच रात्री दीड वाजेपर्यंत बसले.

वसंतात नवी आवृत्ती निघाली.
"मावशी, आभारात तुझं नाव आहे! तळाशी, बारीक,
नाझिब्रोला, कुताइसी."
म्हणजे बातूमीत, तेलावीत, त्या तिकडे शिकागोत
आमच्याकडची कुणी मुलगी पहिलं पत्र लिहून ठेवते,
तिथे माझी बाटली, माझा तेलाचा थर.

माझ्या यंत्रावर?
तंत्रज्ञ आला, चाळीस लारी घेऊन गेला.
बाईसाहेब उठल्या.
रोज सकाळी काळा पडदा, तेच वाक्य.

रविवारी पेनड्राइव्ह लावते.
दुपारभर त्या घरात राहते, शब्द नीट करते.
बंद केलं की ते मला विसरून जातं,
पुढच्या रविवारी पुन्हा नव्याने दार उघडतं.

द्राक्षं उतरली की बसवणार आहे.
डबा आता टेबलावरच असतो,
झाकण न लावता.