पोच

सारागोसाच्या अलीकडे, पेट्रोलपंपामागे,
बावीस ट्रक ओळीने झोपलेत.
त्यातल्या एका केबिनमध्ये मी, गुडघे पोटाशी,
छातीवर फोन.

तीन हजार किलोमीटरवर, रोकिश्किसमध्ये,
माझं लाकडी घर. मी नसलो की त्यात विस्तव नसतो.
तिथे आत्ता उणे एकोणीस आहे.
टेबलाखाली जुना कॉम्प्युटर,
आणि त्याच्या पाठीमागे, जिथे नेटची वायर शिरते तिथे,
हिरवा ठिपका, मोहरीएवढा.
बाकी सगळा मेल्यासारखा पडलेला असतो,
तेवढा एक कान त्याने उघडा ठेवलाय.

हाक कशी मारायची तेही ठरलेलं आहे.
आधी सहा वेळा नुसतंच अरे, अरे, अरे,
मग त्याचा बारा अक्षरांचा पत्ता
सोळा वेळा,
एका दमात, अक्षर न चुकता.
राउटर ती हाक घरभर ओरडतो.
प्रिंटर ऐकतो, टीव्ही ऐकतो,
आपलं नाव नाही म्हणून कूस बदलतात.
ज्याचं त्याला बरोबर कळतं.
पंखा गरगरतो.

रोज कशाला उठवतोस त्याला, रिमास विचारतो.
हिशेब असतात, मी म्हणतो. डिझेलच्या पावत्या.
खोटं बोलतो.
जागा झाला की मी त्याला मूळ संख्या शोधायला लावतो,
लांबच लांब, कुणाच्या बापाला नको असलेल्या.
शोधता शोधता तो तापतो,
आणि तापला की पिल्के,
राखाडी, एक कान फाटलेली,
त्याच्यावर चढून बसते.
स्क्रीनच्या निळ्या उजेडात
कॅमेऱ्यातून मला फक्त शेपटी दिसते, डब्यावरून लोंबणारी.
तेवढं बघतो आणि झोपतो.

परवा हाक मारली. काही नाही.
या हाकेला पोच नसते, हे मला माहीत होतं.
पोचली का, वाटेत कुठे सांडली का,
परत येऊन कुणी सांगत नाही.
पुन्हा मारली.
थर्मासमधला चहा संपवला, पुन्हा मारली.
सोळा सोळा करत
हजाराच्या पुढे गेलो असेन.

पहाटे चारला शेजारच्या तेक्लेला फोन लावला.
सत्त्याऐंशीची बाई. पहिल्याच रिंगला उचलला.
"तुझ्या घरात रात्री आपोआप उजेड होतो," म्हणाली.
"काहीतरी घरघरतं. कोण राहतं रे तिथे?
मांजरीला दूध घालायला गेले
तेव्हा दोरीच उपटून टाकली भिंतीतली.
तुझं बिल वाचवलं."

भिंतीतून उपटल्यावर तो ठिपकाही विझतो.
मग सोळा काय नि सोळा लाख काय.

"पिल्के?"
"ही काय, माझ्या पायांवर.
माझी चूल तुझ्या डब्यापेक्षा बरी."
मग ती बराच वेळ गप्प.
मला वाटलं रेंज गेली.
"गेल्या मार्चपासून मला रात्रीची झोप नाही.
तुला माहीत होतं?"
नव्हतं.
"यंत्राला उठवत बसतोस," ती म्हणाली,
"कुंपणापलीकडे जागं माणूस असताना."

मी म्हणणार होतो, तेवढी वायर परत खोच.
पण तिने फोन मांजरीजवळ धरला होता.
घरघर ऐकू आली,
पंख्यासारखीच, जरा खोलातून.

आता रात्री नऊला मी एक रिंग देतो.
उचलायचा नाही, असं ठरलंय; पैसे जातात, ती म्हणते.
मग केबिनमध्ये पडून राहतो, फोनकडे न बघता,
आणि तिला चष्मा सापडायला लागतो तेवढ्या वेळाने
छातीवर एकदा थरथरतं.

वायर अजून उपटलेलीच आहे.
डिझेलच्या पावत्या खरंच साचल्यात.