हेटकरी

मोडीत आधी रेघ ओढतात,
या काठापासून त्या काठापर्यंत,
बोरूत शाई असेतो, हात न उचलता.
मग अक्षरं तिच्याखाली टांगायची,
वाळवणीवरच्या बोंबलांसारखी.

खाडीकाठच्या देवळात,
सागवानी पेटीत निघालेला हा हजेरीपट:
‘हेटकरी, असामी सत्तावीस.’
पुढे ज्याचं त्याचं नाव, दारू किती, शिसं किती,
तोड्याची दोरी किती हात.

हेट म्हणजे खाली.
ज्यानं शब्द केला तो घाटमाथ्यावर उभा असणार,
कुणीतरी विचारलं असणार, हे बंदूकवाले कुठले?
आणि त्यानं नुसतं बोट दाखवलं असणार.
ते बोट अजून शब्दात आहे.

(हेटाळणी याच मुळाची का?
पुरावा नाही.
वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.)

पुढे वरचेच किल्लेदार पत्रांतून मागू लागले:
हेटकरी पाठवावे, नेमाचे पक्के.
खालचा, खालचा म्हणता म्हणता
शब्दाला नेम फुटला.
पगार मात्र वाढलेला दिसत नाही.

मी कराडचा. रोज दोनशे रुपये आणि जेवण
यावर वाचतो आहे.
चहा घेऊन आलेल्या चंद्रभागा तांडेलबाईंना
अर्थ सांगताना आवाज जरा खाली गेला माझा.
त्या म्हणाल्या,
“आमी खालचे? दर्यातसून बघा,
मगे आमीच वर.”
आणि कप ठेवून कागद उचलला, बघायला,
उलटा.

रेघ तळाशी गेली.
सत्तावीस माणसं तिच्यावर उभी राहिली,
तटावर राहावीत तशी,
पाय वर, डोकी खाली, पण उभी.
सरळ करून द्यायला मी लगेच हात पुढे केला नाही.

त्या गेल्यावर पुन्हा वाचायला घेतलं.
येस बिन भिव, हजर.
लखम बिन राघ, हजर, डोळा दुखावला.
गोम घाडी. तोडा भिजला.
गैरहजर दिवस चार,
लावणीस गेला.

चार दिवसांत किती लावणी होते,
बाईंना विचारायला हवं होतं.
बाहेर सुकती लागली आहे,
चिखलात कुणी मुळे शोधतंय, कमरेत वाकून.

पुढचं पान कसरीनं खाल्लं आहे.
गोम परत आला का,
कळत नाही.